अर्धं पाणी

उसगावच्या तिस्कावर, वजनकाट्याच्या मागे
माझं गॅरेज. पत्र्यावर अजून लाल धूळ,
खाण बंद झाली तरी न गेलेली.

रुझारची गाडी आली. टर्बो बसवलेली.
चढावर ठोका द्यायची,
आत कोंडलेल्या कुणी पान्यानं दार वाजवावं तसा.
"बाबनी, बूस्ट वाढय रे."
म्हटलं, वाढवीन,
पण आधीच तापलेल्याला आणखी पाजलं
की काय होतं, ते तुला लग्नाघरी दिसलेलं असेल.

काच धुण्याच्या पाण्याची टाकी रिकामी केली.
एक पंप. एक नळी. एक जेट,
त्याचं भोक उजेडाकडे धरल्याशिवाय दिसू नये इतकं.
बॅटरीत घालतात ते पाणी अर्धं,
अर्धं मिथेनॉल.
मापानं. अंदाज मी माणसांच्या बाबतीत करतो.

कॅनचं बूच फिरवलं आणि शाणू गावकर आला,
वास त्याला टेकडीवरून ओढून आणतो.
हुंगलं, नाक मुरडलं.
"ही कुठल्या भट्टीची?"
"हिचा एक घोट, आणि डोळे गेले.
पेटली तर जाळ उन्हात दिसत नाही,
हातालाच कळतं."
मनगटावरचा गुळगुळीत डाग मी दाखवला नाही,
पण त्यानं पाहिला.
"मग पाणी का घालतोस?
पाणी घालणारा भट्टीवाला म्हणजे चोर."

मी सांगू लागलो: टर्बो हवा दाबतो, दाबली की तापते,
तापली की पेट्रोल ठिणगीची वाट बघत नाही.
हा फवारा हवेत विरतो,
विरताना ऊन स्वतः घेऊन जातो,
हवा निवते, दाटते, जास्त मावते,
मग ठिणगी थोडी अलीकडे आणता येते...

शाणू मध्येच म्हणाला,
"म्हणजे लावणी.
भाण उकळतं, वाफ नळीतून लावणीत येते,
आणि लावणीवर मी रात्रभर पाणी ओततो.
थांबलो, तर सगळी काजूल आभाळ पिऊन जातं."

अर्धा तास मी जे बोलणार होतो
ते असं संपलं.

पहाटे अनमोड घाट. मोले मागे पडलं.
रुझार चालवत होता, मी काट्याकडे बघत होतो.
आठवर पंप घुरघुरला.
दहा. बारा. वळण. चौदा.
जिथं ठोका यायचा तिथं
काहीच आलं नाही.
इतका वेळ ज्याची सवय झालेली असते
ते थांबलं की कान पुढे झुकतात.
झाडं नुसती मागे सरकत होती,
रुझार कोकणीतून देवाला काहीतरी सांगत होता.

मला टिप्पर आठवले.
भरलेले, दिवसाला दहा खेपा,
रेडिएटरवर ओलं गोणपाट टाकून हाकणारा फटी नाईक,
त्याच्या स्वतःच्या डोक्यावरही ओला टॉवेल.
खेपेमागे पैसे मिळायचे.
निवायचे मात्र कुणी देत नसे.

वरच्या वळणावर लाल दिवा लागला. टाकी संपली.
"पाय काढ."
त्यानं काढला नाही.
एक ठोका. दुसरा.
"रुझार."
काढला.

कडेला लावली. सीटखाली बिसलेरीची बाटली होती,
ती तो टाकीत ओतायला निघाला.
मी धरून ठेवली. त्यातल्या क्षारानं जेट बुजतं.
मग ती आम्ही दोघांनी प्यायली,
बॉनेटवर हात टेकवता येईल इतकं निवेपर्यंत.

उतरताना गाडी गरीब गाईसारखी.
तिस्काच्या अलीकडे, टेकडीवर धूर दिसला.
रुझारनं विचारलं, थांबूया?
शाणू पाठमोरा होता.
लावणीवर पाणी ओतत होता,
तांब्यामागून तांब्या,
मागं न बघता.